मे महिन्यात युरोप, चार माणसं, आठ लाख : शहरं किती आणि कुठली धरू?

कोलशेत_कन्या (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा स्वतःसाठी मदत मागतेय. पुढच्या मे महिन्यात युरोपला जायचं नक्की केलंय. आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा आणि माझ्या सासूबाई, वय ६६, तब्येत चांगली आहे पण गुडघे कुरकुर करतात आणि बीपीची गोळी चालू आहे. ठाण्यातच दोन टूर कंपन्यांकडे जाऊन आलो, जो आकडा सांगितला तो चौघांचा मिळून आमच्या बजेटच्या दीडपट होता आणि वर रोज सकाळी साडेसहाला बॅगा बाहेर काढून ठेवायच्या, म्हणून स्वतःच करायचं ठरवलं. आमची मर्यादा आठ लाख, अगदीच ओढलं तर साडेआठ, त्याच्या पुढे नाही कारण जूनमध्ये शाळेची फी आहे आणि सोसायटीचं रिडेव्हलपमेंटचं काय होतंय ते देवाला माहीत.

मी महिनाभर खपून हा प्लॅन केलाय, रागावू नका : लंडन २ रात्री, पॅरिस २, ब्रसेल्स १, अॅमस्टरडॅम २, प्राग २, इंटरलाकेन (स्वित्झर्लंड) २, व्हेनिस १, फ्लॉरेन्स १, रोम २. एकूण १५ रात्री. सगळीकडे बस नाहीतर ट्रेन, एकदोन ठिकाणी स्वस्तातलं विमान. नवऱ्याचं म्हणणं एवढा खर्च करून जातोय तर सगळं बघून घेऊ, परत कधी जाणार. मला मात्र आता कागदावर बघून धाप लागतेय. युरेलचा रेल्वे पास घ्यावा का, व्हिसा कुठल्या देशाचा, सासूबाई शुद्ध शाकाहारी त्यांचं जेवण, सगळंच विचारायचंय. जे केलंत ते सांगा, ऐकीव नको.

नौपाडा_७२

ताई, धाप लागतेय ती बरोबर लागतेय. नऊ शहरं म्हणजे आठ वेळा मुक्काम हलवायचा. एकदा हलवायला काय लागतं ते लिहून काढा : सकाळी सामान आवरणं, दहा-अकराला खोली सोडणं, स्टेशन गाठणं, गाडीची वाट, प्रवास, उतरून नवीन घर शोधणं, तिथे चेक-इन तीनच्या आधी देत नाहीत म्हणून बॅगा कुठेतरी ठेवणं. प्रवास तीन तासांचा असला तरी घर ते घर सहा तास धरा. आठ गुणिले सहा, अठ्ठेचाळीस तास. दिवसाचे फिरण्याचे तास बारा धरले तर पंधरातले चार दिवस तुम्ही फक्त बॅगा ओढताय आणि त्या चार दिवसांचं भाडं, जेवण, सगळं भरताय.

पैशाचा हिशोबही तसाच. आम्ही तिघं मागच्या सप्टेंबरात १४ दिवस गेलो, चार शहरं केली, सगळं धरून सहा लाख वीस हजार झाले. आधी माझीही यादी सात शहरांची होती. ती कापली तेव्हा नुसती तिकिटं वाचली असं नाही, एका जागी चार रात्री राहिलो म्हणून घरवाल्याने भाडं कमी लावलं, वॉशिंग मशीन मिळालं म्हणून कपडे निम्मे नेले, आणि तिसऱ्या दिवसापासून कुठलं दुकान स्वस्त ते कळल्यावर जेवणाचा खर्च खाली आला. हे कुठल्याच वेबसाइटवर तुलना करताना दिसत नाही.

एक करून बघा. जी बॅग नेणार आहात ती भरून ठाणे स्टेशनला न्या आणि १ नंबरवरून जिना चढून पुलावरून १० नंबरला उतरा, परत या. सासूबाईंनाही बरोबर घ्या. मग घरी बसून ठरवा शहरं किती ते. मी चेष्टा करत नाहीये, आम्ही खरंच केलं होतं आणि त्याच रात्री मोठी बॅग माळ्यावर परत गेली.

ऐरोलीकर

व्हिसाचं मी सांगतो, दोनदा केलाय.

पहिली गोष्ट, लंडन वेगळं काढा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं तो देशांचा गट, त्यात २९ देश येतात, पण इंग्लंड नाही, त्याला वेगळा व्हिसा, वेगळी फी, वेगळी अपॉइंटमेंट, पुन्हा सगळी कागदपत्रं. चौघांचा तो खर्च म्हणजे इंटरलाकेनच्या दोन रात्री. आणि लोक एक चूक करतात, लंडन मधेच घालतात, म्हणजे पॅरिस, लंडन, परत अॅमस्टरडॅम, आणि शेंगेन मिळालेला असतो सिंगल एंट्री. एकदा बाहेर पडलात की संपला. जायचंच असेल तर अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी.

दुसरी, अर्ज कुठल्या देशाकडे? विमान जिथे उतरतं तिथे, असं पुष्कळ जणांना वाटतं, ते चूक. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार तिथे. दोन देशांत दिवस सारखे असतील तर मग आधी जिथे शिरणार तो देश. त्यामुळे आधी शहरं आणि रात्री पक्क्या करा, मग व्हिसा. उलटं केलंत तर अडकाल. आणि ज्या देशात स्लॉट लवकर मिळतो म्हणून तिथला खोटा प्लॅन दाखवायचा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, उतरल्यावर हॉटेलची बुकिंगं विचारू शकतात.

फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. म्हणजे तुमचे तीन मोठे २७० आणि मुलगा ४५, ३१५ युरो, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज. युरो शंभरच्या पुढे गेलाय, त्यामुळे मनात शंभराने गुणून वर थोडे टाकायची सवय आत्ताच लावा. मुलाला बारा कधी पूर्ण होतात ते बघून घ्या, अर्जाच्या दिवशी बारा झाले तर पूर्ण फी आणि बोटांचे ठसेही. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना आणि सगळ्या दिवसांना लागू हवा. पासपोर्ट परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, दोन पानं कोरी, आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको.

सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण मे महिन्यासाठी मुंबईत अख्खा महाराष्ट्र आणि गुजरात रांगेत असतो, त्यामुळे जानेवारीतच स्लॉट शोधायला लागा. बँक स्टेटमेंट सहा महिन्यांचं शिक्का मारलेलं, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, शाळेचं पत्र. सासूबाईंचा खर्च मुलगा करणार असेल तर त्याचं तसं पत्र, शिवाय त्यांचं स्वतःचं पेन्शनचं पासबुक असेल तर तेही लावा. खात्यात अर्जाच्या आठवड्यात एकदम दोन लाख आणून टाकू नका, ते लगेच दिसतं. हॉटेलं कॅन्सल करता येणारी घ्या.

कोलशेत_कन्या

ऐरोलीकर दादा, इतकं सविस्तर, खूप आभार. मुलाचा वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे, म्हणजे वाचलो.

काल रात्री जेवताना घरात सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, एकच जागा बघायला मिळणार असेल तर कुठली. मुलगा म्हणाला आयफेल टॉवर. नवरा म्हणाला रोम, त्याला शाळेत इतिहास आवडायचा. सासूबाई आधी काहीच बोलेनात, मग म्हणाल्या बर्फ. सासऱ्यांनी त्यांना काश्मीरला न्यायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं, आणि मग ते गेलेच. आता मला स्वित्झर्लंड काढता येणार नाही, ते कितीही महाग असू दे. अॅमस्टरडॅम, ब्रसेल्स, लंडन कुणीच घेतलं नाही. ते मीच यादीत घातलेले, सगळे जातात म्हणून.

वाशीचे_काका

मग तुमचा प्लॅन झालाच की, पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली.

तरी इथे दुसरे वाचणारे असतील त्यांच्यासाठी लिहितो, ज्यांना बर्फाचा आणि आयफेलचा आग्रह नाही त्यांनी प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट हा मार्ग जरूर बघावा. मी आणि सौ. दोघंच गेलो होतो, मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस त्यामुळे गाड्यांच्या निमित्तानेच फिरलो म्हणा. प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट तीन तासांच्या आत, गाड्या दिवसभर आहेत, आणि त्या मार्गावर रेजिओजेटसारख्या खासगी गाड्याही चालतात त्यामुळे स्पर्धा आहे आणि भाडी खाली राहतात. राहणं-खाणं पॅरिसच्या मानाने पुष्कळ कमी. फक्त चलन तीन ठिकाणी तीन, झेक कोरुना, युरो, फोरिंट, तेवढं लक्षात ठेवायचं. चौकाचौकात मनी चेंजर उभे असतात तिथे जाऊ नये, कार्ड वापरावं. आणि मशीनने विचारलं की पैसे रुपयात कापू का तिथल्या चलनात, तर नेहमी तिथल्या चलनात. रुपये निवडलेत की त्यांचा रेट लागतो.

आता युरेल पास. कन्याताई, तुम्हाला नको. पास ३३ देशांत चालतो, ऐकायला फार छान, आणि मुलं अकरा वर्षांपर्यंत मोठ्यांबरोबर फुकट हेही खरं. पण फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या फास्ट गाड्यांना पास असूनही सीट रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे भरावे लागतात. जर्मनी, ऑस्ट्रियात तसं नाही, बऱ्याचशा गाड्यांत पास दाखवून चढता येतं, तिथे रोज भटकणाऱ्याला तो वसूल होतो. तुमचे मोठे प्रवास तीनच आहेत. पॅरिसच्या गार द लिऑन स्टेशनवरून बाझेल तीन तास, तिथून इंटरलाकेन दोन तास. इंटरलाकेनहून श्पीझ, ब्रिग करत मिलान, पुढे फ्लॉरेन्स, सगळं मिळून सहा-सात तास. फ्लॉरेन्स ते रोम दीड तास. ही तिकिटं सुटी काढा, बुकिंग उघडलं की लगेच काढा. तिथे आपल्यासारखं भाडं ठरलेलं नसतं, विमानासारखं वर जातं, एकच सीट आज २९ आणि आदल्या दिवशी ११०. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, गाडी चुकली तर गेलं, म्हणून सकाळी अगदी पहिली गाडी घेऊ नका.

एका रात्रीसाठी असलेलं व्हेनिस सोडलंत तरी ठीकच. जाणाऱ्यांनी एवढं बघावं की गर्दीच्या ठराविक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांना तिथे प्रवेश शुल्क आहे, आधी नोंदवलं तर ५ युरो.

तीन_हात_नाका

वा काका, प्रिंट काढून ठेवतोय.

इटलीबद्दल माझी भर. पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये छापून घ्यायचं, तारीख-वेळ उमटते. आम्हाला माहीत नव्हतं, तिकीट हातात असून दंड भरला, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं कारण आम्ही कधी विनातिकीट गेलो नाही आयुष्यात. मोबाइलवर काढलेलं असेल तर त्याचे नियम अॅपवर दिसतात ते वाचा.

सीवूड्सवाली

कोलशेत ताई, मी माझ्या आईला घेऊन गेले होते, ती ७० ची, त्यामुळे तुमच्या सासूबाईंसाठी लिहिते.

पॅरिसची मेट्रो स्वस्त आणि भराभर आहे पण बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट नाही, जिने आणि लांबच लांब बोगदे. पहिल्याच दिवशी आईचे गुडघे सुजले. मग आम्ही बस धरली, खिडकीत बसून शहर दिसतं, ती खूश. वेळ जास्त लागतो, लागू दे. घर घेताना लिफ्ट आहे का हे मेसेज करून लेखी विचारा, फोटोवर जाऊ नका, जुन्या इमारतीत चौथा मजला आणि गोल लाकडी जिना असं निघतं. फ्लॉरेन्स आणि रोमला रस्ते दगडी आहेत, चाकाची बॅग उड्या मारते आणि पातळ तळव्याची चप्पल असेल तर संध्याकाळी पाय बोलतात. बूट दोन महिने आधी घ्या आणि रोज घालून फिरवा. आम्ही ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेतल्या ट्रॅकवर रोज एक फेरी वाढवत गेलो, तुम्ही तलावपाळीला किंवा उपवनला करा. आई निघायच्या आधी तीन फेऱ्या न थांबता मारायला लागली, तिलाच तिचं कौतुक वाटायचं.

जेवण. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, हा एकच उपाय आहे, बाकी सगळी तडजोड. तांदूळ, मुगाची डाळ, साबुदाणा, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, थेपले, कोरडी चटणी एवढं नेलं की भाज्या, दही, ब्रेड तिथल्या सुपरमार्केटात मिळतं. पण दुधाचं काही नेऊ नका! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यात पेढे, बर्फी, खवा, पनीर, तूप सगळं आलं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नाही. घरचं कढवलेलं तूप आई हट्टाने घेणार होती, मी विमानतळावर जायच्या आधी बॅगेतून काढलं, अर्धा दिवस बोलली नाही माझ्याशी. पण तिथे बटर इतकं छान मिळतं की खिचडीवर तेच घातलं.

फोडणी देताना खिडकी उघडा आणि आच बारीक ठेवा, धुराचा अलार्म फार हलका असतो. मोहरी तडतडली की वाजतो.

बाहेर खाताना शाकाहारी म्हणजे अंड, मासे नाहीत हे स्पष्ट सांगा. सूपचं पाणी बरेचदा मांसाचं असतं, नुसती भाजी दिसते म्हणून घेऊ नये. आणि पार्मेजान चीज बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, कडक पाळणाऱ्यांना हे आधी सांगितलेलं बरं, नंतर कळलं तर वाईट वाटतं. मार्गारिता पिझ्झावर साधारण मोझरेला असतं, तरी वरून किसलेलं चीज नको म्हणा. पॅरिसला गार द्यु नॉरच्या मागे ला शापेल भागात इडली-डोसा मिळतो, श्रीलंकन तमिळ लोकांची वस्ती आहे. आईने तिथे सांबार प्यायलं आणि म्हणाली आता महिनाभर राहू.

पाणी विकत घेऊ नका. रोममध्ये रस्त्यावर सारखे वाहते नळ आहेत, त्यांना नासोनी म्हणतात, बाटली भरा. आणि रविवारी स्वित्झर्लंडमध्ये दुकानं बंद, फक्त स्टेशनमधली चालू, शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवा.

घोडबंदर_रोड

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. ज्येष्ठ माणूस बरोबर असताना मला टूर कंपनीच बरी वाटते. आमच्या वडिलांना तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं, टूर मॅनेजरने हॉस्पिटल, इन्शुरन्स, भाषा सगळं सांभाळलं, मी एकटा असतो तर हातपाय गळाले असते. पैसे जास्त जातात पण ते त्याचेच जातात. पॅकेजवर टीसीएस (आगाऊ कर) कापतात म्हणून लोक घाबरतात, तो रिटर्नमध्ये अॅडजस्ट होतो, फुकट जात नाही.

सीवूड्सवाली

तुमचं म्हणणं पटतंय, आणि वडील बरे झाले हे वाचून बरं वाटलं. ज्यांना भाषेची, मोबाइलची भीती वाटते त्यांनी टूरनेच जावं. पण टूरमध्ये आईला दुपारी दोन तास झोपता आलं नसतं. आमच्याकडे रोज दुपारी ती घरी, मी बाजूच्या बागेत, पाचला पुन्हा बाहेर. मे महिन्यात नऊपर्यंत उजेड असतो, काही बुडत नाही. आजारपणासाठी एकच नंबर, ११२, सगळ्या देशांत चालतो. औषधांची चिठ्ठी जेनेरिक नावाने इंग्रजीत लिहून घ्या आणि गोळ्या हातातल्या पर्समध्ये, चेक-इनच्या बॅगेत नाही.

खारघर_टेकडी

स्वित्झर्लंडवर मी. महाग आहे हे खरंच, पण खर्च कशात होतो ते कळलं तर आटोक्यात येतो. तीन खर्च, राहणं, डोंगरावर जाणाऱ्या गाड्या आणि हॉटेलातलं जेवण. तिसरा तर सीवूड्स ताईंनी सोडवलाच, कोऑप आणि मिग्रो ही दोन सुपरमार्केटं सगळीकडे आहेत.

स्विस ट्रॅव्हल पास तीन, चार, सहा, आठ, पंधरा दिवसांचा येतो, त्यात ट्रेन, बस, तलावातल्या बोटी सगळं आलं, आणि आईवडिलांबरोबर असलेली १६ वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डवर फुकट, ते कार्ड मागून घ्यायचं, आपोआप देत नाहीत. लुसर्नजवळचा रिगी डोंगर पासमध्ये पूर्ण फुकट आहे. वर बर्फात नेणाऱ्या युंगफ्राउयोखच्या डोंगरगाडीला मात्र पासवर फक्त थोडी सूट, बाकी पैसे भरावेच लागतात आणि ते चौघांचे बरेच होतात.

आता सासूबाईंचा बर्फ. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. वर गेल्यावर श्वास थोडा जड होतो, बीपी असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच. डॉक्टर हो म्हणाले तर जा, मे महिन्यात खाली हिरवं आणि वर पांढरं असतं, वर्षभर चालू असतं. आदल्या रात्री वेबकॅम बघा, ढग असतील तर तिकीट काढू नका, वर जाऊन समोर नुसतं धुकं बघून आलेली कितीतरी माणसं मला माहितीयेत. म्हणून तिथे चार रात्री हव्या, दोनमध्ये हवा साथ देईलच असं नाही. इतर छोट्या केबल कार मे महिन्यात बऱ्याच ठिकाणी मेंटेनन्सला बंद असतात, आधी तपासा. आणि लाउटरब्रुनेनला एक अख्खा दिवस नुसते बसा. दरीत दोन्ही बाजूंनी धबधबे, श्टाउबबाख तर गावातूनच दिसतो, पैसे शून्य. पावसाळ्यात माळशेजला जे वाटतं ते, फक्त मागे बर्फाचे डोंगर.

कळवा_पूल

स्वस्त विमानांबद्दल सावध करतो. भाडं बघून आम्ही घेतलं, तर सीटखाली मावेल एवढीच बॅग फुकट, बाकी प्रत्येक बॅगेचे पैसे, ऑनलाइन चेक-इन विसरलं तर विमानतळावर दंड, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना काउंटरवर कागद दाखवूनच पुढे सोडलं. वर विमानतळ शहरापासून लांब. बोव्हे विमानतळ नावाला पॅरिसचं, अंतर ८० किलोमीटरच्या वर, म्हणजे ठाण्याहून जवळजवळ कसाऱ्यापर्यंत. बसचं भाडं धरलं तर ट्रेनच स्वस्त पडली असती.

बेलापूर_किल्ला

मोठं विमान नवी मुंबईहून मिळेल का हो? आम्हाला सहारला, मुंबई विमानतळावर, जायचं म्हणजे दोन तास.

ऐरोलीकर

तिकीट काढताना विमानतळाचा कोड नीट बघा. सहारचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नवी मुंबई २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय, आता शोधताना दोन्ही दिसतात, पण जाताना एक आणि येताना दुसरं, किंवा कनेक्टिंगच्या दोन विमानांत दोन वेगळी विमानतळं असं होऊ देऊ नका. आणि कन्याताई, तुम्ही मल्टी-सिटी तिकीट शोधा, जाताना पॅरिस, येताना रोम. दोन सुटी एकेरी घेऊ नका, महाग पडतात. रोमहून परत पॅरिसला येण्याचा एक दिवस आणि चौघांचं भाडं वाचतं.

अजून एक, उतरल्यावर आता ईईएस नावाची नवीन पद्धत आहे, पासपोर्टवर शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरवर नोंद आणि चेहऱ्याचा फोटो. पहिल्या वेळी रांग लांबते. त्या दिवशी पुढची ट्रेन काढू नका.

नौपाडा_७२

बुकिंगचं राहिलं. आयफेलची तिकिटं साधारण ६० दिवस आधी उघडतात, कोलोसियमची ३० दिवस आधी आणि त्यावर नाव छापलेलं असतं, पासपोर्टप्रमाणेच घाला. सगळं अधिकृत साइटवरूनच, दलाल साइट दुप्पट घेतात. पॅरिसचं लुव्र म्युझियम मंगळवारी बंद, १ मेलाही बंद. जानेवारी २०२६ पासून लुव्रला युरोपबाहेरच्यांना ३२ युरो झालेत, तुमचे तीन मोठे म्हणजे ९६, मुलगा फुकट. मोनालिसाचा आग्रह नसेल तर ओर्से म्युझियम बघा, महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट. व्हॅटिकनला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत, शर्टाच्या आत. रोमा टर्मिनी स्टेशनात आणि पॅरिस मेट्रोत दारापाशी उभं राहू नका.

कोलशेत_कन्या

मंडळी, दोन आठवडे गायब होते, आता सांगते काय ठरलं.

बॅगेचा प्रयोग केला. रविवारी सकाळी गेलो तरी ठाणे स्टेशन ते ठाणे स्टेशनच. नवरा १० नंबरला उतरून बाकावर बसला आणि म्हणाला, चार शहरं. त्याच्याकडून हे ऐकायला मी महिनाभर भांडत होते.

तर पॅरिस ४ रात्री, इंटरलाकेन ४, फ्लॉरेन्स ३, रोम ४. जाताना पॅरिस, येताना रोम. इटलीत सात रात्री होतात म्हणून अर्ज इटलीकडे, उतरणार फ्रान्सला असलो तरी, हे ऐरोलीकर दादांनी सांगितलं नसतं तर मी फ्रान्सचाच फॉर्म भरत होते. हिशोब असा बसतोय : विमान दोन साठ, व्हिसा-इन्शुरन्स पन्नास हजार, राहणं दोन दहा, ट्रेन सत्तर हजार, स्विस पास एक लाखाच्या आसपास, जेवण-किराणा पंच्याहत्तर, तिकिटं आणि किरकोळ ऐंशी. आठ पंचेचाळीस. अगदी काठावर आहे, पण आहे. फ्लॉरेन्स काढलं तर अजून वाचेल असं नवरा म्हणतो, मी म्हटलं ते एक माझं असू दे, मी कुणालाच सांगितलं नव्हतं की मला कुठली जागा हवी.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ईसीजी काढला, एक गोळी बदलली, म्हणाले जा, वर घाईने चालायचं नाही, चक्कर वाटली की खाली यायचं. सासूबाई रोज पहाटे उपवनला जातात आता, नवीन बूट घालून, साडीवर. शेजारणी विचारतात तेव्हा सांगतात, बर्फावर चालायचंय.

एक शेवटचं विचारते, वर बर्फात साडी चालेल का? पंजाबी ड्रेस घालायला त्या तयार नाहीत.

खारघर_टेकडी

चालेल. आत थर्मल पँट आणि लोकरीचे मोजे, वर साडी जरा उंच नेसायची, वरून जाड जॅकेट. वर इमारतीच्या आतून लिफ्टने गॅलरीत जाता येतं, तिथून सगळं दिसतं. बाहेर बर्फावर जायचं तर एका बाजूने मुलाचा आणि एका बाजूने तुमचा हात. काळा गॉगल विसरू नका, बर्फावरचा उजेड डोळ्यांना झोंबतो. थर्मल जांभळी नाक्याला आत्ताच घेऊन ठेवा, मे महिन्यात ठाण्यात कुणी ठेवत नाही.